पाट पोचला

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. एका वर्षी हमरापूरच्या माझ्या मामाच्या कारखान्यातून नऊ घरांना गणपतीची मूर्ती मिळाली नाही. त्या नऊ घरांची यादी चतुर्थीच्या तेरा दिवस आधी माझ्यासमोर उघडी होती. नाव, गाव, फोन, पाटाची लांबी-रुंदी, सगळं. मी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि बंद केली. पुढे दोष माझ्या मामेबहिणीवर गेला. तो जाताना मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

मी मुळात कमी बोलतो. कमी बोलणारा माणूस सरळ असतो असं लोक धरून चालतात, आणि मी त्यांना तसं धरू दिलं. त्यामुळे हे इतकी वर्षं आत राहिलं. बाहेर काढलं ते एका बाईंच्या प्रश्नाने, म्हणून आधी तेच सांगतो.

मी रोह्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो, राहतो शेजारच्या वरसेला, आणि शनिवारी पेणला जाऊन एका क्लासमध्ये वेबसाइट कशी करायची ते शिकवतो. वर्गात बहुतेक कॉलेजची मुलं-मुली. यंदा चाळिशीच्या एक बाई आहेत, जिते गावाहून येतात. मुलगा बारावी झाला, आता माझी पाळी, असं पहिल्याच दिवशी म्हणाल्या. पहिल्या बाकावर बसतात आणि समजलं नाही तर समजलं नाही म्हणतात. बाकीचे माना डोलावतात.

त्या शनिवारी विषय होता सर्व्हरच्या आकड्यांचा. आपण मोबाइलवर एखादं पान उघडतो तेव्हा ब्राउझर लांबच्या एका कॉम्प्युटरला, म्हणजे सर्व्हरला, ते पान मागतो. सर्व्हर पान देतो, पण पानाच्या आधी तीन आकडी एक संख्या पाठवतो. ती आपल्याला सहसा दिसत नाही. ब्राउझर ती वाचतो आणि पुढे काय करायचं ते ठरवतो. अशा संख्या पुष्कळ आहेत, पण पहिला आकडा कळला की निम्मं काम झालं. दोनने सुरू झाली तर तुमचं काम झालं. तीनने झाली तर ते इथे नाही, तिकडे विचारा. चारने झाली तर मागणाऱ्याचं काहीतरी चुकलं, पत्ता चुकीचा किंवा आत जायची परवानगी नाही. पाचने झाली तर मागणाऱ्याचं काहीच चुकलेलं नाही, चुकलं ते सर्व्हरचं.

हे मी नेहमी मामाच्या कारखान्यावरून समजावतो. आमच्याकडे मूर्ती घडवायच्या शेडला कारखानाच म्हणतात, मग ती घराच्या पडवीत का असेना. कुणी मोटारसायकलवर बसलेल्या गणपतीचा फोटो घेऊन आला की मामा म्हणायचा, “असला देव आमच्याकडं नाय.” हा चारशे चार. कुणाला मंडळाची मोठी मूर्ती हवी असली की, “आमी घरगुतीच करतो, पलीकडल्या आळीत जा.” हा तीनशे दोन. रंग ओला असताना कुणी न्यायला आला की, “परवा ये.” हा पाचशे तीन, आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या. मुलं हसतात आणि त्यांच्या लक्षात राहतं. साध्या पाचशेचं, म्हणजे आतच काहीतरी बिघडल्याचं, उदाहरण मात्र मी कारखान्यातलं देत नाही. ते मी वीज जाण्याचं देतो.

शिकवून झालं तसा जित्याच्या बाईंनी हात वर केला.

“सर, आतलं काम बिघडलं असलं आणि वरून दोनशेच पाठवलं, तर?”

“तर ब्राउझरला वाटेल झालं. काय पाठवायचं ते प्रोग्राम लिहिणारा ठरवतो.”

“म्हंजे खोटं बोलता येतं त्याला.”

“येतं.”

“मग ही आमच्या घरातली गोष्ट झाली,” त्या मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या. “सासू ओसरीवरनं विचारते, डाळ शिजत टाकलीस काय गो? सून आतनं, व्हय आई, टाकली. आणि डाळ अजून डब्यात.”

वर्ग हसला. मागून एका मुलीने विचारलं, “पण मग सासूला कळतं कधी?”

“जेवायला बसल्यावर,” त्या म्हणाल्या.

मी फळा पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसत राहिलो.

आता मामाचा कारखाना. पत्र्याची लांब शेड, जमिनीवर शाडूचा चिखल, भिंतीला फळ्यांवर मूर्ती, आणि एका कोपऱ्यात लाकडी पाटांची उतरंड. मामाची जुनी गिऱ्हाइकं मूर्ती बुक करत नसत, पाट देत. घरात गणपती ज्या पाटावर बसतो तो पाट पावसाळ्याच्या तोंडावर कारखान्यात आणून ठेवायचा, पाठीमागे घराचं नाव रंगवलेलं. मूर्ती त्याच पाटावर बसवायची आणि पाटासकट घरी न्यायची. पाट पोचला म्हणजे गणपती ठरला. त्याला पावती लागत नसे. मामाच्या काळात आणि त्याच्या वडिलांच्या काळात कुणाचा पाट रिकामा परत गेलेला नव्हता. मामा हे सांगताना मिरवत नसे. आपल्याकडे विहिरीला पाणी आहे, इतक्या साधेपणाने सांगायचा.

पुढे घरं पुण्याला, ठाण्याला, बडोद्याला गेली. गणपतीला गावी येत, पण दोन महिने आधी पाट पोचवायला कोण येणार? मामाने मला बोलावलं. मी साइट करून दिली. गिऱ्हाइकाने नाव लिहायचं, पाटाचं माप टाकायचं, कुठली मूर्ती ते निवडायचं. मग शेडमधल्या प्रिंटरवर एक चिठ्ठी निघायची आणि ती कारखान्यातल्याच एका कोऱ्या पाटावर चिकटवली जायची. फॉर्म भरणाऱ्याला शेवटी काय दिसावं यावर मामा अडून बसला.

“ऑर्डर कन्फर्म का काय ते नको. ‘पाट पोचला’ असं लिही. आमच्या माणसांना तेवढं कळतं.”

मी तसं लिहिलं. लाल अक्षरात, मोठं.

चिठ्ठ्या सांभाळायची मामाची मुलगी. माझ्याहून सात वर्षांनी लहान, मला दादा म्हणते. लग्न होऊन पेणलाच होती आणि रोज सकाळी कारखान्यात यायची. तिचं खरं काम चिठ्ठ्यांचं नव्हतं, आखणीचं होतं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंगाचा रंग, पितांबर, दागिने हे कुणीही करतं, डोळे एकाच हाताने व्हायला लागतात. मामाचा हात थरथरायला लागला तेव्हा त्याने तो बारीक ब्रश तिच्याकडे दिला. ती डोळे काढायची, मग मूर्तीसमोर खाली मांडी घालून बसायची, मान वर करून बघायची. नजर बसलेल्या माणसावर पडली पाहिजे, उभ्या माणसावर नाही, असं तिचं म्हणणं. पटलं नाही तर पुसून पुन्हा.

एका वर्षी सगळे नातेवाईक जमलेले असताना मामा म्हणाला, “माझ्यामागं कारखाना हिचा.” तिचा धाकटा भाऊ पनवेलला नोकरीत होता, त्याला मातीत हात घालायचाच नव्हता. तरीही लेकीला कारखाना देतो असं आमच्याकडे कुणी चारचौघांत म्हणत नाही. ती उठून सगळ्यांसाठी चहा ठेवायला गेली. कपात साखर दोनदा पडली होती.

साइटचं पहिलं वर्ष नीट गेलं. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाइकं वाढली आणि मी घेतलेली सर्व्हरवरची जागा साधी, स्वस्तातली होती. फॉर्ममधली माहिती जिथे साठायची तिथे एका वेळी मोजक्याच लोकांना शिरता यायचं. संध्याकाळी कामावरून आल्यावर सगळे एकदम फॉर्म भरायला बसत, की ती जागा दार लावून घ्यायची. मग भरलेला फॉर्म वाया आणि पांढऱ्या पानावर इंग्रजीत पाचशे.

मामाचा फोन आला. “भाच्या, ते पाचशे काय हाय? लोकांना वाटतं आपण पाचशे मागतोय.”

“मामा, सर्व्हरवर लोड येतो.”

“मग तुझ्या सर्व्हरला सांग, आमच्या माणसांना असं तोंड दाखवू नको.”

तो हसतच बोलला. मागे शेडमधली माणसंही हसली असावीत, तसा आवाज आला. मला ते लागलं. घराण्यात मी कॉम्प्युटरवाला भाचा. एवढ्या एका गोष्टीसाठी मला लोक बसायला खुर्ची द्यायचे.

त्या दिवशी मी जे केलं ते अर्ध्या तासाचं काम होतं. माहिती साठवता आली नाही तर प्रोग्रामने गप्प बसायचं, तो फॉर्म सर्व्हरवरच्या एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवायचा, आणि गिऱ्हाइकाला दोनशे पाठवून लाल अक्षरातलं “पाट पोचला” दाखवायचं. फाइलला मी नाव दिलं होतं “नंतर”. रोज संध्याकाळी मी ती उघडणार आणि त्यातली नावं हाताने यादीत चढवणार, म्हणजे चिठ्ठी निघेल. फसवायचा विचार नव्हता. हे मी माझ्या बाजूने सांगत नाही, तसं होतं म्हणून सांगतोय.

तीन आठवडे मी रोज फाइल बघितली. मग कंपनीत नवी सिस्टिम बसवायचं काम निघालं आणि बघणं दोन दिवसांआड, मग आठवड्याने, आणि मग राहूनच गेलं. कामाचं कारण अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं की पाचशे दिसायचं थांबलं, मामाचे फोन थांबले, आणि साइट नीट चालली आहे असं मलाही वाटायला लागलं. पडदा लोकांसाठी लावला होता, त्याच्या पलीकडचं मलाच दिसेनासं झालं.

बहिणीचा फोन आला तेव्हा श्रावण निम्मा झाला होता.

“दादा, यंदा चिठ्ठ्या कमी येतायत रे. बडोद्याच्या काकू श्रावणाच्या पहिल्या आठवड्यातच असतात दरवर्षी, त्यांचं नाव नाय.”

“लोक आता तिकडेच घेत असतील मूर्ती.”

“काकू? त्या मेल्या तरी तिकडची घेणार नायत. तू बघ ना एकदा.”

“बघतो.”

बघायला आणखी काही दिवस लागले. मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी ती फाइल उतरवून माझ्या लॅपटॉपवर घेतली. नऊ नावं. पहिलंच बडोद्याच्या काकूंचं. प्रत्येक नावापुढे तारीख, वेळ आणि आत खरं काय झालं होतं त्याचा आकडा. पाचशे, पाचशे, पाचशे, खालपर्यंत.

तेरा दिवस होते. मामा दरवर्षी काही मूर्ती जास्तीच्या काढून ठेवायचा. त्याच क्षणी फोन केला असता तर नऊच्या नऊ पाट भरले असते. हे मला तेव्हाही समजत होतं. पण फोन करायचा म्हणजे सांगायला लागणार होतं की गेले दोन महिने तुझी साइट लोकांना तुझ्या शब्दांत खोटं सांगते आहे, आणि ते मी करून ठेवलंय. डबा संपवला. उद्या सकाळी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी कंपनीत गडबड होती. तिसऱ्या दिवशी सांगायचं म्हणजे दोन दिवस का थांबलास याचंही उत्तर द्यावं लागणार होतं. आठवड्याने बहिणीने सहज फोनवर सांगितलं की जास्तीच्या मूर्ती गेल्या. मी “बरं झालं” म्हणालो.

मनाशी एक समजूत घातली होती. ज्यांना चिठ्ठीची काळजी असेल ते आपणहून मामाला फोन करतील आणि सगळं मार्गी लागेल. पण ज्याला “पाट पोचला” दिसलंय तो फोन कशाला करेल? पाचशे बघितलं असतं तर नऊच्या नऊ जणांनी केला असता. लोक पाचशेवर चिडायचे, फोन करायचे, आणि त्यामुळेच त्यांचं काम व्हायचं. मी त्यांचं चिडणंच काढून घेतलं होतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी रजा घेऊन कारखान्यात गेलो. दरवर्षी जायचो, मूर्ती गाडीत ठेवायला हात लागतात. सकाळी दोन माणसं चिठ्ठी नाही म्हणून खोळंबली, मामाने शेजारच्या कारखान्यातून त्यांची सोय लावली. अकराच्या सुमारास बडोद्याच्या काकू आल्या. सत्तरीच्या, नवऱ्यामागे एकट्याच घरचा गणपती चालवणाऱ्या. गावचं घर पेणच्या पुढे, तिथे त्या दोन दिवस आधी येत. काखेत शालीत गुंडाळलेला पाट होता. घरचाच पाट हवा म्हणून बडोद्याहून आणलेला.

“काय गो,” त्या माझ्या बहिणीला म्हणाल्या, “माझा गणपती कुठला?”

“काकू, यंदा तुमचं नाव नाय आलं.”

“असं कसं? हे बघ.” त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, त्यावर पानाचा फोटो होता. “पाट पोचला. हे तुझ्या बापाचे शब्द हायत ना?”

मामा आला. त्याने मोबाइल हातभर लांब धरून वाचलं.

“चिठ्ठी कुठंय?”

“बाबा, आलीच नाय,” बहीण म्हणाली.

“मग हे काय हाय?”

“मला काय ठाऊक? दादाला विचारा. मी त्याला बोलले होते, चिठ्ठ्या कमी येतायत.”

मामा माझ्याकडे वळला. “भाच्या, तुझी साइट काय बोलते?”

मी लॅपटॉप उघडला. टेबलावर रंगाच्या वाट्या होत्या, त्या बाजूला सरकवून ठेवला. सर्व्हरवर कुणाला काय उत्तर गेलं त्याची नोंद असते. ती मी काढली आणि बोट ठेवून दाखवली.

“मामा, साइटवरून काकूंना दोनशे गेलंय. सगळ्यांनाच दोनशे गेलंय.”

“दोनशे म्हंजे?”

“म्हणजे बरोबर.”

“बरोबर म्हंजे पोचलं?”

“व्हय,” मी म्हणालो.

त्या शेवटच्या शब्दाआधी मी बोललो त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

बहीण माझ्याकडे बघत होती. हातात बारीक ब्रश, टोकाला काळा रंग. “दादा, नीट बघितलंस?”

“बघितलं.”

मामाने काकूंना शेजारच्या कारखान्यातून मूर्ती आणून देतो म्हणून सांगितलं. काकू म्हणाल्या, “दुसऱ्याच्या हातची नको. तुझ्या पोरीने काढलेले डोळे बघायला येते मी. आता या वर्षी सुपारी ठेवून पुजीन.” पाटावरची शाल त्यांनी पुन्हा नीट गुंडाळली. मामा त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला. पाट त्याने स्वतःच्या हातात घेतला होता, रिक्षात त्या बसल्यावर त्यांच्या मांडीवर ठेवला. दिवस मावळेपर्यंत नऊही घरं येऊन गेली होती.

मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता गोणपाटावर बसला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, “जिला चार कागद सांभाळता येत नाय, तिच्या हातात देवाचे डोळे कसे देऊ?”

तिने ब्रश पाण्यात धुतला, पुसला, पेल्यात उभा ठेवला आणि हात धुवायला बाहेर गेली. दुसऱ्या वर्षी ती आली नाही. मामाने बोलावलं नाही आणि तिने विचारलं नाही. धाकट्या भावाने पनवेलची नोकरी सोडली आणि कारखाना घेतला. तो वाईट माणूस नाही. आखणीला त्याने बाहेरचा माणूस ठेवला. साइट मी बंद केली, कारण सांगितलं की आता सगळे मोबाइलवर मेसेजच करतात. मामा तीन वर्षांनी गेला, तोपर्यंत त्याने तो शब्द मागे घेतला नाही. का घेईल? त्याला खरं ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं तो गेल्यावर मला हलकं वाटेल. उलट ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यातला एक कमी झाला.

हे आकडे ज्यांनी ठरवले त्यांचा मी हल्ली बराच विचार करतो. चुकलं एवढं सांगायला एकच आकडा पुरला असता. पण त्यांनी दोन वेगळे गट केले. तुझं चुकलं असेल तर चार, माझं चुकलं असेल तर पाच. यंत्राने स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगावी यासाठी त्यांनी जागा राखून ठेवली. मी ती जागा बुजवली. आणि त्या दिवशी शेडमध्ये तेच पुन्हा केलं, पाचातली चूक चारात ढकलली, फक्त या वेळी समोर ब्राउझर नव्हता.

शिकवायला लागल्यावर आणखी एक गोष्ट वाचनात आली. माझ्या त्या “नंतर”च्या व्यवस्थेसाठी एक प्रामाणिक आकडा आधीपासूनच होता, दोनशे दोन. तुमचं म्हणणं मिळालं, काम अजून झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो पाठवायचा आणि खाली एक ओळ लिहायची, “दोन दिवसांत आमचा फोन आला नाही तर कारखान्यात कळवा.” काकूंनी नक्की कळवलं असतं. मला तेव्हा तो ठाऊक नव्हता, हे खरं. ठाऊक असता तर वापरला असता, असं मात्र मी म्हणणार नाही.

बहिणीच्या नवऱ्याला रोह्याकडे काम मिळालं तशी ती माणसं वरसेला आली. माझ्या घरापासून दोन गल्ल्या. ती एका कंपनीत पॅकिंगला जाते, पहिली शिफ्ट. राखीला येते. गणपतीत दर्शनाला येते. आमच्या घरची मूर्ती अजून त्याच कारखान्यातून येते, तिच्या भावाकडून. मागच्या वर्षी ती मूर्तीसमोर खाली बसली, पूर्वीसारखी मान वर करून बघितलं.

“काय गो, काय बघतेस?” माझ्या बायकोने विचारलं.

“काय नाय वहिनी. नजर दारावर गेलीय. समोर बसलेल्याला वाटतं, देव दुसऱ्याच कुणाची वाट बघतोय.” मग हसून म्हणाली, “चांगली हाय मूर्ती. रंग छान दिलाय.”

मी मोदकांचं ताट आणायला आत गेलो.

जित्याच्या बाईंनी तो प्रश्न विचारला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी जुना लॅपटॉप काढला. फाइल तशीच होती. सर्व्हरवरची मी त्याच चतुर्थीला पुसली होती, पण जेवणाच्या सुट्टीत उतरवून घेतलेली राहिली होती. एका कागदात मावली. नऊ ओळी, नऊदा पाचशे. घडी करून शर्टाच्या खिशात घातली आणि बहिणीकडे गेलो. ती मेथी निवडत बसली होती.

“काय दादा, सकाळी सकाळी? वहिनीने हाकललं काय?”

“नाय गो.”

“मग बस. चहा टाकते.”

चहा झाला. तिने शिफ्टमधल्या एका बाईची नक्कल करून दाखवली, मी हसलो. मेथीची जुडी संपली. ती म्हणाली, “काम होतं काय काही?”

“काही नाही, सहज आलो.”

“तू सहज कधीपासून यायला लागलास?”

मी चपला घातल्या. ती दारापर्यंत आली, वाट बघितल्यासारखी क्षणभर थांबली आणि मग आत गेली. कागद खिशातच होता. जित्याच्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, डाळ अजून डब्यात.

हे लिहून काढलं म्हणजे सांगून झालं असं मी समजत नाही. काकूंचं माझ्याकडे एक उत्तर बाकी आहे, आणि बाकीच्या आठ घरांचंही. मामाला सांगायचं राहिलं, ते आता फिटणार नाही. बहिणीचं बाकी आहे ते असं: तो कागद तिच्या हातात द्यायचा, आणि हमरापूरच्या शेडमध्ये, तिच्या भावासमोर आणि तिथे काम करणाऱ्या सगळ्यांसमोर सांगायचं की तिने एकही चिठ्ठी हरवली नव्हती, नऊही चिठ्ठ्या माझ्याकडे होत्या.